सिक्वोयाच्या जंगलात काढलेली दृष्ट

गाडीच्या मागच्या सीटवर मधोमध अयनची खुर्ची, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला प्रमिलाताई. घाटाचं वळण आलं की आम्ही दोघी एकदा त्याच्याकडे झुकायचो, एकदा त्याच्यापासून लांब जायचो. वळण कुठलंही असो, अयनचं तोंड मात्र प्रमिलाताईंकडेच. मी खुळखुळा हलवला, टिचक्या वाजवल्या, जिभेनं टॉक टॉक आवाज काढले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, दारावर आलेल्या विक्रेत्याकडे पाहावं तसं, आणि पुन्हा मान वळवली.

"माह्या राज्या, तिकडं पाह्य ना. साताऱ्याची आजी बोलवून राह्यली तुले," प्रमिलाताई म्हणाल्या.

"कराडची," मी म्हणाले.

"हो जी, कराडची."

पुढच्या सीटवरून पल्लवी, म्हणजे माझी सून, हसली. "आई, तुझ्यासाठी सातारा काय आणि कराड काय, सगळं सारखंच." हे ती तिच्या आईला म्हणाली. पण 'आई' म्हटल्यावर माझीही मान वर झाली. माझा मुलगा रणजित सासूलाही आईच म्हणायचा, त्यामुळे त्या घरात कुणी 'आई' म्हटलं की दोन माना वळायच्या आणि त्यातली एक दरवेळी उगाच वळलेली असायची. बहुतेक माझीच.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या दिवशी अयनला सहा महिने पूर्ण झाले होते, आणि त्यानिमित्त आम्ही फ्रेस्नोहून सिक्वोयाच्या डोंगरातली मोठी झाडं बघायला निघालो होतो.

मुलं अमेरिकेत असणाऱ्या आमच्यासारख्या घरांत बाळंतपणाची एक पद्धतच पडून गेली आहे. आधी मुलीची आई जाते, मग मुलाची. विमानतळावर शिक्का मिळतो सहा महिन्यांचा, त्यामुळे सहा महिन्यांनी पाळी बदलायची, गिरणीत बदलते तशी. मध्ये आठ-पंधरा दिवस दोघी एका छताखाली असतात. तेवढ्यात नवीन बाईनं बाळाची ओळख करून घ्यायची, दुधाच्या बाटल्यांपासून कपड्यांच्या मशीनपर्यंत सगळं समजून घ्यायचं आणि जुनीनं बॅगा भरून विमानात बसायचं. प्रमिलाताईंचा व्हिसा जरा लांबला म्हणून त्या अयन बारा दिवसांचा असताना पोहोचल्या होत्या. येत्या गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. मला येऊन नऊ दिवस झाले होते.

सहा महिने मी कराडला कॅलेंडरवर फुल्या मारल्या होत्या. आमचे हे म्हणायचे, "शैलजा, एवढी वाट तू रणजितच्या दहावीच्या निकालाचीही बघितली नव्हतीस." शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना भूगोल शिकवला, आता एक मूल माझं स्वतःचं म्हणून मांडीवर घ्यायचं होतं. आणि इथं येऊन बघते तर मांडी आधीच कुणीतरी अडवलेली.

प्रमिलाताई वरुडच्या. अमरावती जिल्ह्यात, संत्र्याच्या मुलखात त्यांची बाग. शिक्षण सातवी. इंग्रजीतलं त्यांना 'थँक्यू' आणि 'डायपर' एवढंच यायचं. पण अयन रडायला लागला की त्या नुसतं त्याला खांद्यावर टाकून घरभर फिरायच्या आणि दहाव्या पावलाला तो गप्प व्हायचा. मी मोजलं होतं, दहाच. मी तेच केलं तर शंभरावं पाऊल पडायचं आणि तो निळा व्हायचा. मग पल्लवी यायची, काही न बोलता त्याला माझ्याकडून घ्यायची आणि तिच्या आईकडे द्यायची. काही न बोलण्यानंच जास्त झोंबायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. गुरुवार लांब नव्हता. पण आदल्या दुपारी मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि स्वयंपाकघरातून पल्लवीचा आवाज आला.

"रणजित, आईची मुदत वाढवून घेऊ या ना. अजून सहा महिने मिळतात, माझ्या मैत्रिणीच्या आईला मिळाले. पुढच्या आठवड्यात माझं ऑफिस सुरू होतंय. अयन तिच्याशिवाय झोपत नाही."

"अगं पण आई आली आहे ना आता."

"त्या राहतीलच की. पण त्यांच्या हातात तो पाच मिनिटं टिकत नाही, तूच बघतोस."

मी घडी हातात धरून उभी राहिले. माझा मुलगा काय बोलतो ते मला ऐकायचं होतं. तो म्हणाला, "बरं. उद्या डोंगरावरून आलो की संध्याकाळी फॉर्म भरून टाकू."

प्रमिलाताई राहिल्या तर मी कोण? पाहुणी. सहा महिने पोळ्या लाटायच्या, भांडी लावायची, आणि लांबून बघायचं. परत जाईन तेव्हा अयन मला टाटा करेल, विक्रेत्याला करतात तसा. त्या रात्रभर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की संध्याकाळच्या त्या फॉर्मच्या आधी काहीतरी व्हायला हवं.

गाडी वर पोहोचली तेव्हा कानात दडे बसले होते. सात हजार फूट उंची. गाडीतून उतरल्यावर एकदम गार वाटलं आणि राळेचा वास आला. गाड्या उभ्या करतात तिथून पायवाटेनं पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जायचं, आणि मग समोर ते झाड. जगातलं सर्वांत मोठं. त्याचं नाव जनरल शर्मन.

हे झाड मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. उंची पावणेतीनशे फूट, वय दोन हजारांच्या वर, बुंध्याला कवेत घ्यायचं तर आमच्या वर्गातली पंचवीस पोरं हातात हात धरून उभी करावी लागली असती. सगळी माहिती तोंडपाठ होती. पण समोर उभी राहिले आणि मान वर करत गेले, करत गेले, डोक्यावरचा पदर घसरला, तरी शेंडा काही दिसेना. दालचिनीच्या रंगाचं खोड, आणि त्यावर एका बाजूला जुन्या वणव्याचा काळा डाग. क्षणभर मी अयनला विसरले, फॉर्मला विसरले.

मग मला वाटलं, आता बोलावं. निदान हे तरी माझ्या वाट्याचं आहे. मी घसा साफ केला.

"रणजित, हे झाड उंचीनं सर्वांत मोठं नाही बरं का. उंचीनं किनाऱ्यावरची रेडवूड मोठी. हे आकारमानानं..."

"जवाई, याले पाणी कोण देते जी?" प्रमिलाताईंनी विचारलं.

पल्लवी आणि रणजित दोघंही खळखळून हसले. माझं आकारमान हवेतच राहिलं.

"हसून काय राह्यले? आमच्या बागेत एक उन्हाळा टँकर चुकला तर झाड वाळते. अन् याले दोन हजार वर्षं कोणी पाजलं?"

"आई, प्रश्न बरोबर आहे तुमचा," रणजित कौतुकानं म्हणाला. "इथं हिवाळ्यात बर्फ पडतो. तो हळूहळू मुरतो, तेच पाणी."

"म्हणजे देवच पाजते," असं म्हणून त्यांनी कुंपणाबाहेरून झाडाला हात जोडले, आणि अयनचेही चिमुकले हात धरून जोडायला लावले. रणजितनं पटकन त्याचा फोटो काढला. बर्फाचं उत्तर मलाही माहीत होतं. दर वर्षी परीक्षेत दोन मार्कांना मीच तो प्रश्न घालायचे. पण मला कुणी विचारलंच नाही.

तेवढ्यात एक गोरी बाई पुढे आली. तुम्हा सगळ्यांचा एकत्र फोटो काढून देऊ का, म्हणाली. मोबाइल हातात घेऊन ती अयनकडे पाहून विरघळली. प्रमिलाताईंकडे बघून म्हणाली, "आजी कोण ते विचारायलाच नको." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? मावशी का?"

"नाही नाही, ही माझी आई," रणजित हसत म्हणाला. तीही हसली, पल्लवीही हसली. मीही हसले. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. परक्या मुलखातल्या परक्या बाईलासुद्धा एका नजरेत जे कळलं, ते मी नऊ दिवस नाकारत होते.

"द्या इकडं," मी म्हणाले आणि अयनला प्रमिलाताईंच्या हातातून घेतलं. घेतलं कसलं, ओढलंच. त्यानं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला, की पायवाटेवरची माणसं थांबून बघायला लागली. फोटो तसाच निघाला. मागे दोन हजार वर्षांचं झाड, आणि पुढे माझ्या कडेवर आ वासलेलं एक तोंड.

त्यानंतर तो थांबलाच नाही. चढ चढून वर येईपर्यंत पाळीपाळीनं सगळ्यांनी घेतला. मग प्रमिलाताईंनी खांद्यावर टाकला, दहा पावलं झाली, वीस झाली, पन्नास झाली. पहिल्यांदाच त्यांचीही मात्रा चालेना. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लेकरू रडतंय आणि आजीला बरं वाटतंय. पण वाटलं.

थोड्या अंतरावर जेवणासाठी लाकडी बाकं मांडलेली होती. तिथं बसून केक कापायचा असं ठरलं होतं. केकची पिशवी बाकावर ठेवली. त्यात कागदी ताटल्या, एक मेणबत्ती आणि लांब नळीचा लायटर. दुधाची बाटली आणि गरम पाण्याचा थर्मास मात्र गाडीतच राहिला होता. रणजित तो आणायला गेला. पल्लवी स्वच्छतागृहाकडे गेली. बाकावर राहिलो आम्ही दोघी आणि रडणारा अयन.

प्रत्येक बाकाजवळ लोखंडी खांबावर एक शेगडी बसवलेली होती, आणि आमच्या शेगडीच्या खांबावर एक पाटी होती. शिक्षकाला पाटी दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती. जंगल कोरडं झालं आहे. आग पेटवायला सक्त मनाई. शेगडीतसुद्धा नाही. कोळसासुद्धा नाही.

"ताई," प्रमिलाताई म्हणाल्या, "मले वाटते, लेकराले नजर लागली. किती जणांनी पाह्यलं खाली. ती फोटोवाली तर डोळेच काढत नव्हती."

घाटात त्याच्याही कानात दडे बसले असतील, पोट दुखत असेल, भूक लागली असेल. विज्ञानाचे तास मीही घेतले होते. पण मी म्हणाले, "असेल."

त्यांनी पर्स उघडली. इथं आल्यापासून त्या पर्समध्ये एक पुरचुंडी बाळगून होत्या. मीठ, मोहऱ्या आणि पाच सुक्या मिरच्या. ती त्यांनी तळहातावर घेतली, शेगडीकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं.

"इथं विस्तव केलेला चालते का? काहीतरी लिहून आहे. तुमी वाचा बरं."

आजही मी त्या क्षणापाशी येते आणि थांबते. चालत नाही, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. रणजित थर्मास घेऊन येतो. शेगडीत आग. माणसं वळून बघतायत. आणि रणजित कपाळाला आठ्या घालून सासूकडे बघतो, एकदाच. मला तेवढंच हवं होतं. त्या एका आठीवर संध्याकाळचा फॉर्म अडला असता.

"चालतं," मी म्हणाले. "शेगडी त्यासाठीच तर ठेवलीय. पाटीवर लिहिलंय, झाल्यावर राख नीट विझवा."

राखेचं मी माझ्या मनानं जोडलं. खोटं बोलायचं तर तपशील द्यावा लागतो, हे मी वर्गातल्या पोरांकडून शिकले होते.

अयन माझ्या मांडीवर होता. प्रमिलाताईंनी मूठ त्याच्या डोक्यापासून पायांपर्यंत उतरवली, सात वेळा, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मग दोन कागदी ताटल्या चुरगाळून शेगडीत टाकल्या, लायटर लावला आणि मूठ आगीत सोडली. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्यांचा धूर निघाला, आणि वारा शेजारच्या बाकाकडे वाहत होता.

तिथं एक कुटुंब सँडविच खात बसलं होतं. आधी बापाला ठसका लागला, मग आईला, मग तिन्ही मुलांना. बाप डोळे पुसत उठला आणि रस्त्याकडे हात करून कुणालातरी हाका मारू लागला. इकडे अयन गप्प झाला होता. तडतड ऐकून दचकला असेल.

"पाह्यलं का? उतरली," प्रमिलाताईंचा चेहरा उजळला. "कडक होती जी नजर."

मग एक रेंजरबाई, म्हणजे तिथली वनरक्षक, आली. गोल काठाची टोपी, करडा शर्ट, कमरेला वॉकीटॉकी. ती ओरडली वगैरे अजिबात नाही. हातातली पाण्याची बाटली तिनं शेगडीत रिकामी केली, काडीनं राख ढवळली, आणखी पाणी मागवलं. मग प्रमिलाताईंकडे वळून तिनं शांतपणे पाटीवर बोट ठेवलं, आणि एकेक ओळ वाचून दाखवली.

प्रमिलाताईंना शब्द कळले नाहीत. पण बोट कळलं. 'नो' कळलं. एकदा, दोनदा, तीनदा आलेलं 'नो'. त्यांनी पाटीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. काहीतरी हिशेब जुळत नसताना माणूस बघतं तसं. मग तो जुळला. मला तो जुळताना दिसला. मी अयनचं टोपडं नीट करायला लागले.

रणजित धावत आला. त्याच्या मागून पल्लवी. रेंजरबाईनं सगळं सांगितलं. इथं कित्येक आठवडे पाऊस नाही, एक ठिणगी पुरते, म्हणाली. "या झाडांना आगीची गरज असते, त्याशिवाय त्यांचं बी रुजत नाही. पण ती आग कधी आणि कुठं लावायची, ते आम्ही ठरवतो." तिनं रणजितचा गाडी चालवायचा परवाना बघितला, वहीत काहीतरी लिहिलं, या वेळी ताकीद देऊन सोडते म्हणाली. रणजित दहा वेळा सॉरी म्हणाला. माझा मुलगा शाळेतसुद्धा कधी कुणापुढे मान खाली घालून उभा राहिला नव्हता.

ती गेल्यावर तो वळला. कपाळावर आठ्या होत्या. मला हव्या होत्या त्याहून जास्त.

"आई, काय केलंत हे? जंगल आहे हे! तुम्हाला वाचता येत नाही तर विचारायचं ना कुणाला! आई होती ना इथं!"

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "रणजित, हळू बोल."

"हळू काय? आज कुठं आग लागली असती तर?" तो माझ्याकडे वळला. "आई, तू इथं बसली होतीस. तुला तर वाचता येतं. तू काय करत होतीस?"

हा प्रश्न मला येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई मी, आणि एवढंही सुचलं नव्हतं.

"ताईनं सांगतलं होतं मले," प्रमिलाताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"सांगतलं होतं की इथं चालत नाही म्हणून. दोनदा सांगतलं. मीच ऐकलं नाही. लेकरू रडून राह्यलं होतं, मले काही सुचलं नाही. ताईचा काही दोष नाही जी. माहं चुकलं."

रणजितनं मोठा श्वास सोडला. "आई सांगत होती तर ऐकायचं ना," तो म्हणाला. आवाज उतरला होता, पण नाराजी तशीच होती.

तोंड उघडायला तेवढा वेळ भरपूर होता. वारा सुटला होता, सगळे माझ्यासमोरच उभे होते. मी नाही उघडलं. आणि आणखी सांगते, त्या क्षणी मला आधी लाज वाटली नाही. आधी राग आला. या बाईनं इथंही मोठेपणा घेतला, असं वाटलं. लाज नंतर आली, आणि मग तिनं मुक्कामच केला.

केक मेणबत्तीशिवाय कापला. कुणी धड खाल्ला नाही.

उतरताना गाडीत पुन्हा तसेच बसलो. अयन झोपला होता, तोंड प्रमिलाताईंकडेच. घाट संपला आणि सपाटीवर संत्र्याच्या बागा लागल्या, तेव्हा प्रमिलाताई म्हणाल्या, "पल्लू, तो फारम भरू नका. मी जाते गुरुवारी."

"आई, असं काय करतेस? रणजित रागाच्या भरात बोलला."

"जवाई बरोबर बोलले. त्याचं काही नाही. पण घरी संत्र्याची बहार धरायची वेळ आहे, तुह्या बाबाच्यानं एकट्यानं होत नाही. अन् ताई आल्या आहेत ना. त्यांचीच पाळी आहे आता."

रणजितनं आरशातून मागे पाहिलं. पण आग्रह केला नाही. मी जिंकले होते. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

पुढचे चार दिवस त्यांनी मला अयन शिकवला. दुसरा शब्द नाही. तो कोणत्या कुशीवर झोपतो, पोट दुखलं तर पाय कसे पोटाशी दुमडायचे, दूध पिताना मध्येच थांबतो ते ढेकर हवी म्हणून, आणि आंघोळीनंतर आधी कान पुसायचे, नाहीतर रडतो. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी त्याले घट्ट धरता, ताई. भीत भीत धरता. लेकराले कळते." मी मान हलवली. त्या चार दिवसांत शेगडीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मी मात्र रोज ठरवायची, आज बोलायचं, आणि रोज चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

गुरुवारी विमानतळावर रणजित आणि पल्लवी बॅगा वजनाला लावायला रांगेत उभे होते. आम्ही दोघी बाजूच्या खुर्च्यांवर. अयन प्रमिलाताईंच्या खांद्यावर, पेंगुळलेला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"प्रमिलाताई, त्या दिवशी मी पाटी वाचली होती. मला माहीत होतं."

"मले कळलं ते."

"मग रणजितला का नाही सांगितलंत?"

त्या अयनची पाठ थोपटत राहिल्या.

"राग तर लय आला होता, ताई. वाटलं, सांगून टाकावं इथंच. मग मनात आलं, सांगतलं तर काय होईन? जवाई तुमच्यावर चिडतीन. पल्लवी तर लेकराले तुमच्या हातीच देणार नाही. अन् मी तर जाणारच आहे, आज नाही तर सहा महिन्यांनी. तुमच्यावर भरोसा उरला नाही, तर मग याले पाहीन कोण? पाळणाघरातल्या बाया?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी त्याच्यासाठीच केलं ना ते. चुकीचं केलं. पण त्याच्यासाठीच केलं."

मला रडू फुटलं. त्यांना फुटलं नाही. त्या उठल्या आणि अयनला माझ्या खांद्यावर ठेवलं. माझा हात धरून त्याच्या पाठीवर नीट बसवला. "घट्ट नाही. असं," म्हणाल्या. मग त्या रांगेकडे निघाल्या आणि आत जाईपर्यंत मागे वळल्या नाहीत. अयनला दहा पावलांनंतर कळलं. मग तो जो रडायला लागला, तो गाडीत, घरी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी.

अकरा दिवस तो त्यांच्यासाठी रडला. दारापाशी जाऊन बसायला त्याला येत नव्हतं, नाहीतर बसला असता. पल्लवीच्या चेहऱ्यावर दिसायचं, आईला जाऊ द्यायला नको होतं. मी त्याला घेऊन फिरायची, घट्ट न धरता. प्रमिलाताईंचा रोज वरुडहून फोन यायचा. पल्लवीशी दोन शब्द, आणि मग मला एकच प्रश्न, "झोपते का तुमच्याजवळ?" मी म्हणायची, "अजून नाही." त्या म्हणायच्या, "झोपीन. घाई नोका करू." आणि फोन ठेवायच्या.

बाराव्या दिवशी संध्याकाळी त्यानं रडणं मध्येच थांबवलं, माझ्या मानेशी नाक घासलं आणि खांद्यावर झोपून गेला. मी हललेही नाही. वरुडला सकाळ झाली असेल. एका हातानं मीच फोन लावला.

"ताई, झोपला. माझ्या खांद्यावर."

पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं, लाईन तुटली.

"प्रमिलाताई?"

"आहे जी, ऐकून राह्यली," त्या म्हणाल्या. "बरं झालं, ताई. लय बरं झालं. ठेवा आता फोन. मले जरासं रडून घेऊ द्या."